येतानाची बाजू

अहो, गाडी काल घरी आली. पत्र्याखाली तिच्या जागेवर लावली आहे. तुमचं फडकं हँडलवर तसंच आहे. मी ते धुतलं नाही आणि सूनबाईलाही धुऊ दिलं नाही. तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं, कारण माझ्या खालोखाल तुम्हाला काळजी असेल ती गाडीचीच. माझ्या आधी असेल म्हटलं तरी मी रागावणार नाही.

तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही. चार माणसांत तर नाहीच, पण तुमच्याशी एकटीने बोलतानाही शब्द जिभेपर्यंत येऊन परत जायचे. चौथीत शाळा सुटली, तरी अक्षर हाताला राहिलं. म्हणून लिहिते आहे. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे लाजायचंही कारण नाही.

पारनेरला वन्संकडे आपण त्यांच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात गाडी पुसत होता. मला म्हणालात, "आवर लवकर. ऊन चढायच्या आत विळद घाट उतरू." मी आत पिशवी भरत होते. वन्संनी घरच्या मटकीचं गाठोडं दिलं होतं, ते काही केल्या पिशवीत बसेना. बाहेर आले तर तुम्ही ओट्यावर बसलेले. फडकं हँडलवर आणि हात छातीवर. मला वाटलं, दमलात. तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणणार होता, पण म्हणाला नाहीत. सगळा जन्म बोलायचं काम तुमचं आणि गप्प राहायचं माझं होतं. त्या एका वेळी आपली अदलाबदल झाली. मीच ओरडले. वन्सं सांगतात की माझा आवाज दोन गल्ल्या पलीकडे गेला. मला आठवत नाही.

दवाखान्यातून तुम्हाला कोल्हारला आणलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या गाडीच्या काचा पांढऱ्या होत्या. बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. पारनेर कधी सुटलं, नगर कधी आलं, प्रवरेचा पूल कधी ओलांडला, मला काही कळलं नाही. आपली मोटारसायकल वन्संच्या अंगणातच राहिली.

या रस्त्यांवर मी किती हिंडले असेन, पण ते सगळं तुमच्या मागे, एका बाजूला दोन्ही पाय घेऊन. त्यावरून तुम्ही मला किती चिडवायचा. "दोन्हीकडं पाय टाकून बस की. तोल बी ऱ्हातो आन दोन्ही बाजू दिसत्यात. असं बसून तुला निम्मंच जग दिसतं." मी म्हणायची, "लोकं काय म्हणतील?" तुम्ही म्हणायचा, "लोकं म्हणंस्तवर आपण फुडच्या गावात असतो." हे भांडण आपण लग्नानंतर सुरू केलं आणि ते अजून मिटलेलं नाही. पण तुमचं म्हणणं चुकीचं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला निम्मं जग दिसायचं नाही. जाताना एक बाजू दिसायची आणि येताना दुसरी. घरी पोचेपर्यंत माझं जग पुरं झालेलं असायचं. तुम्ही तर सारखे समोर बघत होता. दोन्ही बाजू दिसतात म्हणायचा, पण खड्डे सोडून काय बघितलंत?

तुम्हाला मात्र रस्त्यावरचं सगळं मला दाखवायचं असायचं. मान वळवून ओरडायचा, "अगं, उजवीकडं बघ, केवढी मेंढरं!" मी डावीकडे तोंड करून बसलेली. "काय?" म्हणून विचारेपर्यंत मेंढरं मागे पडायची. मग तुम्ही ठरलेलं वाक्य म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. येताना तुझ्या बाजूला येईल."

येताना कुठली मेंढरं तिथे असायला! पण मी बघायची. मेंढरं नाही तर त्यांनी खाल्लेलं रान तरी दिसायचं.

पारनेरला जाताना, भाळवणीच्या पुढे कुठेतरी, तुम्ही असंच ओरडलात. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर आपल्या योगेशने आणून दिलेलं हेल्मेट होतं आणि वारा समोरून होता. तुम्ही हात करून उजवीकडे काहीतरी दाखवलं आणि खुशीत हसलात. तुमचे खांदे हलले म्हणून मला हसणं कळलं. मी "काय?" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "येताना तुझ्या बाजूला येईल."

ते काय होतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. बारशाच्या गडबडीत मीही विचारलं नाही. येताना दिसणारच होतं की.

अहो, तुम्हाला पेट्रोल पंपाची गोष्ट आठवते ना? ती मी कुणाला सांगितली नाही, पण तुम्ही मात्र सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलीत. योगेश तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. आपण दोघंच शिंगणापूरला निघालो होतो. राहुरीला पेट्रोल भरायला थांबलो. सगळ्या बायका उतरतात तशी मी उतरून कडेला उभी राहिले. तुम्ही टाकी भरली, किक मारली आणि निघून गेलात. मला वाटलं, पुढे थांबाल. तुम्ही थांबला नाहीत. मी पदर तोंडाला लावून उभी. पंपावरची पोरं हसायला लागली. कडेला एक म्हातारी पेरू घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काय गं बाई, नवरा इसरला व्हय?" मी मान हलवली. "मग आरड की!" म्हणाली. आता गाडी दिसेनाशी झाल्यावर कुणाला ओरडू? तिने मला गोणपाटावर बसायला जागा दिली आणि एक पेरू हातात ठेवला. "खा. येतोय त्यो. सगळे येत्यात. न्हाई आला तर मला बी एक माणूस पायजेच पेरू इकायला."

तुम्ही आलात तेव्हा माझा पेरू संपत आला होता. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"अगं, उतरली कवा तू?"

"तुम्ही पेट्रोल भरताना."

"सोनईपत्तुर मी तुला कांद्याचं सांगत गेलो! यंदा रोप कुठलं आणायचं म्हणून इचारलं बी!"

"मग?"

"तू काय बोलली न्हाईस. म्हनलं, नेहमीचंच हाय."

म्हातारी इतकी हसली की तिचे पेरू घरंगळले. ब्रेकर आल्यावर खांद्यावर माझा हात घट्ट झाला नाही, तेव्हा तुमच्या लक्षात आलं, असं तुम्ही नंतर सांगितलंत. बोलण्यावरून मी आहे की नाही हे कळायची सोय नव्हती, हातावरून होती.

त्या दिवसापासून तुम्ही नियम केलात. एसटीच्या कंडक्टरसारखी मी बेल द्यायची. तुमच्या खांद्यावर दोन थापा म्हणजे मी बसले, निघा. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा पडल्याशिवाय तुम्ही कधी गियर टाकला नाहीत. भांडण झालेलं असलं तरी वाट बघायचात. एकदा मी रागाने थापच देईना, तर वेशीत गाडी तशीच चालू ठेवून तुम्ही बसून राहिलात. येणारे-जाणारे विचारायला लागले, "काय आप्पा, कुनाची वाट बगताय?" तुम्ही म्हणालात, "बेलची." मला हसू फुटलं आणि थाप द्यावीच लागली.

लोक तुम्हाला विचारायचे, या वयात गाडीवर एवढं काय हिंडता. योगेशने चारचाकी घेतली तेव्हा तर घरात रोज हाच विषय. "आप्पा, गाडी आता बास करा. पारनेरला जायचं तर मी सोडतो." तुम्ही त्याला म्हणालात, "तू कारखान्यावर जातो त्यो पगारासाठी. मी गाडीवर जातो त्यो जायासाठी." पोराला पटलं नाही. मग तुम्ही त्याच्या चारचाकीत एकदा शिर्डीपर्यंत बसून आलात आणि मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणालात, "पाव्हण्याच्या खोलीत बसल्यावानी वाटतं गं. हात जुळवून गप बसायचं. वास न्हाई, वारा न्हाई."

वास तुम्हाला फार लागायचा. कारखान्याजवळ मळीचा वास आला की नाक धरण्याऐवजी तुम्ही म्हणायचा, "चला, आलं आपलं." राहुरीच्या अलीकडे कालव्याजवळ भर उन्हाळ्यातही गार हवेचा एक पट्टा लागायचा. तिथे तुम्ही गाडी मुद्दाम हळू करायचा. आपण दोघंही काही बोलत नव्हतो, पण तो पट्टा आपल्या दोघांचा होता. चारचाकीत काचा लावून गेलं तर तो असतो हेसुद्धा कळत नाही. शेतात, बाजारात, भावकीत तुम्ही कुणाचे तरी कुणीतरी होता. पाणी सोडायची पाळी, मजुरांचं बोलणं, बांधावरून चुलत्यांची कटकट, सगळं डोक्यात घेऊन घरी यायचात आणि गाडीला किक मारली की चेहरा असा मोकळा व्हायचा, जणू अंगातला सदरा कुणीतरी काढून घेतला. तुम्ही बेसूर गायचा. घरी कधी गायला नाहीत. गाडी सुरू असताना तो आवाज फक्त मला ऐकू यायचा.

बैल विकले त्या वर्षी पोळ्याला तुम्ही सकाळपासून कुणाशी बोलला नाहीत. मग नदीवर गाडी नेऊन धुतलीत, हँडलला बैलांचे गोंडे बांधलेत, आणि मला म्हणालात, "ओवाळ हिला." मी लाजून मेले. पण ओवाळलं. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि तो मग योगेशने खाल्ला. शेजारचे हसले. पुढच्या पोळ्याला त्यातल्याच दोघांच्या गाड्यांना गोंडे होते.

आणि योगेशला आपण घरी आणलं तेही तिच्यावरच. दवाखान्यातून मी बाळ पोटाशी धरून मागे बसलेली आणि तुम्ही बैलगाडीच्या चालीने गाडी चालवत होता. सायकलवाले आपल्याला मागे टाकून गेले. एकाने विचारलं, "गाडी बिघडलीय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई, पाव्हणा नवा हाय."

मी तुम्हाला एक सांगायचं ठेवलं होतं. तुम्ही समजायचा की गाडीची हौस तुमची आणि मी तुमच्यासाठी मागे बसते. तसं नव्हतं. मला बाहेर पडायला आवडायचं, फक्त लोकांशी बोलायला लागायचं म्हणून भीती वाटायची. पायी निघालं की दहा जणी विचारतात, कुठं निघालीस, कशाला निघालीस. एसटीत शेजारची बाई माहेर विचारते, मुलं विचारते. गाडीवर कुणी काही विचारेपर्यंत आपण पुढे गेलेलो असायचो. मी मात्र सगळ्यांना डोळे भरून बघायची. कुणाच्या दारात पापड वाळताहेत, कुणाची सासू ओट्यावर बसून सुनेला बोलतेय, कुणी नवीन रंग दिला. माझ्यासारख्या बाईला एवढं जग कुणाशी एक शब्द न बोलता बघायला मिळालं, ते तुमच्या पाठीमागे बसून. तुमच्या पाठीचा आडोसा होता म्हणून मी धीट होते. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही अजून चार गावं फिरवलं असतंत.

तेराव्याला सगळे जेवून अंगणात बसले होते. पारनेरचे दाजी म्हणाले, "आप्पांची गाडी आमच्याकडं उभी हाय. कांद्याचा टेम्पो नगरला जातोच. त्यात टाकून देतो, फुडं बघू." योगेश म्हणाला, "चालंल." कुणीतरी म्हणालं, आता ती गाडी चालवणार कोण, तिकडंच देऊन टाका कुणाला तरी.

मी आत दाराशी उभी होते. टेम्पोत कांद्याच्या गोण्यांबरोबर दोरीने बांधून गाडी येणार, आणि मी इथे. मग भाळवणीच्या पुढची ती बाजू मला कधी दिसणार? तुम्ही मला शेवटचं काही दाखवलं होतं आणि ते अजून माझ्या बाजूला यायचं होतं. एवढंच माझ्याकडे उरलं होतं. पण हे पुरुषांच्या बैठकीत कोण सांगणार? नुसत्या विचारानेच माझे कान तापले. पदर नीट केला. उंबऱ्याच्या बाहेर आले.

"गाडी टेम्पोत यायची न्हाई," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. दाजी म्हणाले, "मग वहिनी?"

"मी आणते."

"तुम्ही?"

"मागं बसून."

दाजी हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "अवो वहिनी, मागं बसून गाडी कोन आणतं?"

मी योगेशकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, एवढ्या लांब? तुझी कंबर? मी किती वर्षांत चालवली न्हाई. चारचाकीनं जाऊ, गाडी येईल मागनं." मी म्हणाले, "आप्पांनी येताना एक दाखवायचं कबूल केलंय." वन्सं ओट्यावरून म्हणाल्या, "योग्या, आईनं आयुष्यात कधी काय मागितलंय का? उठून कपडे बघ." आणि त्या पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या.

परवा आम्ही दोघं एसटीने पारनेरला गेलो. योगेशने मला उजवीकडची खिडकी दिली. मी म्हणाले, "नको, तू बस." भाळवणी गेल्यावर मी पिशवीत काहीतरी शोधत खाली बघत राहिले. मला तसं बघायचं नव्हतं. खिडकीतून नव्हतं बघायचं, आणि जातानाही नव्हतं.

रात्री वन्संकडे राहिलो. सकाळी दाजींनी गाडी बाहेर काढून ठेवली होती. हवा बघितली होती, पेट्रोल भरलं होतं. योगेशला चौथ्या किकला सुरू झाली. त्याने हेल्मेट घातलं आणि मला म्हणाला, "आई, दोन्हीकडं पाय टाकून बस. लांबचा पल्ला हाय."

मी म्हणाले, "नको. मला एकाच बाजूचं काम हाय."

बसले. गाडी चालू, पण योगेश निघेना. मला वाटलं, भ्यालाय. वन्सं, दाजी सगळे बघत होते. मग त्याने मान वळवली आणि म्हणाला, "आई, बेल दे की."

अहो, मला वाटायचं की ते फक्त आपल्या दोघांचं आहे. तो लहानपणी टाकीवर बसायचा, हे मी विसरूनच गेले होते. त्याच्या डोक्यामागेच तर माझा हात तुमच्या खांद्यावर पडायचा.

मी दोन थापा दिल्या.

भाळवणी येईपर्यंत मी पापणी हलवली नाही. काय काय दिसलं सांगू? एक बाभूळ होती, सुगरणीच्या खोप्यांनी लगडलेली. तुम्ही तेच दाखवत असाल, असं मला वाटलं. पुढे एका कांद्याच्या चाळीवर कुणीतरी मोठं कमळ रंगवलं होतं, निळ्या रंगाचं. वाटलं, हे असेल. मग एका शेतात बुजगावणं होतं, त्याच्या डोक्यावर हेल्मेट घातलेलं! अहो, ते बघून मला हसू आवरेना. तुम्ही हसला होतात ते त्यालाच का? की त्याच्या पुढच्या मळ्यात एक म्हातारा-म्हातारी विहिरीच्या कठड्यावर बसून एकाच ताटात जेवत होती, ती दाखवत होता? तेव्हा ती तिथे होती का? मला काही ठरवता आलं नाही. म्हणून मी एकही गोष्ट सोडली नाही. तुम्ही एकच दाखवणार होता. मी सगळीच बाजू बघून घेतली.

नगर सोडून विळद घाट उतरलो. ऊन चढलेलं होतं. उशीरच झाला तुमच्या हिशोबाने. योगेश सुरुवातीला ताठ बसला होता, हँडल गच्च धरून. घाटाखाली त्याचे खांदे सैल झाले. राहुरीला पेट्रोलची गरज नव्हती, तरी पंप दिसला तसा तो ओरडला, "आई, उतरू नको बरं का!" म्हणजे तीही गोष्ट त्याला पाठ आहे. राहुरी मागे पडल्यावर कालव्यापाशी तो गार पट्टा लागला आणि अहो, त्याने गाडी हळू केली. मी काही सांगितलं नव्हतं. त्याला तरी सांगायची काय गरज, त्याच्याही अंगाला ते गार लागलंच असेल. मी डोळे मिटून घेतले. तुमची आठवण आली, पण रडू आलं नाही. बरं वाटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा नुसतं बरं वाटलं.

कोल्हार जवळ आलं. प्रवरेच्या पुलावर मी त्याच्या खांद्यावर एक थाप दिली. तो थांबला. नदीला थोडंसं पाणी होतं. माझ्या बाजूला तो घाट दिसत होता, जिथे तुम्हाला नेलं. बायका धुणं धूत होत्या आणि एक म्हैस पाण्यात बसली होती. मी तिथे बघत मनात एवढंच म्हणाले की आम्ही पोचलो. गाडीला काही झालं नाही.

योगेश मात्र पुलाच्या दुसऱ्या बाजूला बघत होता. गाडीचा आवाज, वरून जाणारे ट्रक. त्याने हात करून तिकडे काहीतरी दाखवलं आणि हसत ओरडला. मला ऐकू आलं नाही.

"काय?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे, आई," तो म्हणाला. "आता फुडच्या येळंला जाताना बघ. जाताना तुझ्या बाजूला येईल."

मी त्याच्या खांद्यावर दोन थापा दिल्या.